दोन दिशांचा एडिटर: ईमॅक्स आणि आपल्या लिप्या

माझ्या लेखांमध्ये मजकूर दोन दिशांनी चालतो. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, आणि मध्येच एखाद्या दखनी किंवा उर्दू ग्रंथातला उतारा आला की तो उजवीकडून डावीकडे. कागदावर यात काहीच अडचण नसते. हात उचलून पानाच्या दुसऱ्या कडेला ठेवला की झाले. संगणकावर मात्र ही साधी गोष्ट कित्येक वर्षे जमत नव्हती. उर्दूची अक्षरे एकमेकांचा हात सोडून सुटी उभी राहायची, शब्दांचा क्रम उलटा व्हायचा, पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसायचा. एका छापखान्याने तर मला सरळ सांगितले होते, उर्दू उतारा फोटो काढून चित्र म्हणून पाठवा. भाषेचे चित्र झाले की ती शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, फक्त बघता येते.

आज मी हे लेखन ज्या प्रोग्राममध्ये करतो त्याचे नाव ईमॅक्स. हा टेक्स्ट एडिटर आहे, म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधन. तो जवळपास पन्नास वर्षे जुना आहे आणि अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत इंग्रजी लिहिणाऱ्या प्रोग्रामरांनी स्वतःसाठी बनवला. त्या खोलीत देवनागरी लिहिणारे कोणी नव्हते, नस्तालीक लिहिणारेही नव्हते. तरीही या दोन्ही लिप्या आज त्यात एकाच पानावर नांदतात. त्या तिथे कशा पोहोचल्या, कोणी पोहोचवल्या, आणि त्यात आपला वाटा किती, हे सांगण्यासाठी हा लेख.

कागदी पट्टीपासून पडद्यापर्यंत

१९६२-६३च्या सुमारास एमआयटीमध्ये डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी टेको नावाचा प्रोग्राम लिहिला. तेव्हा प्रोग्राम कागदी पट्टीवर छिद्रे पाडून साठवत असत आणि टेको ही पट्टी दुरुस्त करण्याचे साधन होते. पडद्यावर मजकूर दिसतोय आणि आपण त्यात बदल करतोय, असा प्रकार नव्हता. वापरणारा आज्ञा टाइप करायचा, 'अमुक ओळीवर जा, तमुक अक्षर खोड', आणि मग काय झाले ते छापून दाखव म्हणून वेगळी आज्ञा द्यायचा.

या आज्ञा एकेका अक्षराच्या होत्या. जवळजवळ कोणतेही अक्षर टेकोला काहीतरी करायला सांगत असे. त्यामुळे प्रोग्रामरांमध्ये एक खेळ रूढ झाला होता: आपले नाव टेकोची आज्ञा म्हणून दिले तर मजकुराचे काय होईल ते ओळखायचे. पण याच तिरपागड्या आज्ञांची साखळी करून ठेवता येत असे. त्या साखळीला मॅक्रो म्हणत. म्हणजे टेको हा एडिटर होता आणि त्याच वेळी एक छोटी प्रोग्रामिंग भाषाही होती.

सत्तरच्या दशकात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेकोला पडद्यावर थेट संपादन करण्याची सोय जोडली गेली. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने त्यात एक बदल केला. कीबोर्डवरची कोणतीही कळ दाबली की आपण लिहिलेला मॅक्रो चालावा, अशी व्यवस्था त्याने करून दिली. बदल लहान होता, परिणाम मोठा झाला. प्रयोगशाळेतला प्रत्येक जण आपापल्या सवयीप्रमाणे कळा बांधू लागला. थोड्याच दिवसांत एकाचा एडिटर दुसऱ्याला वापरता येईना.

१९७६मध्ये गाय स्टील यांनी हे विखुरलेले मॅक्रो गोळा करून एकसारखे करायला घेतले. डेव्हिड मून आणि इतरही त्यात होते. पुढे काम स्टॉलमनने हाती घेऊन पूर्ण केले आणि त्या संग्रहाला नाव मिळाले ईमॅक्स, म्हणजे 'एडिटिंग मॅक्रोज'चे संक्षिप्त रूप. स्टॉलमनने तो वाटताना एक अट घातली. कोणीही घ्या, हवा तसा बदला, पण केलेली सुधारणा परत आणून द्या. या व्यवस्थेला तो ईमॅक्स कम्यून म्हणत असे.

आपल्याकडच्या हस्तलिखितांच्या जगाची ज्यांना ओळख आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. ग्रंथ वाचणारा कडेच्या कोऱ्या जागेत हाशिया लिहायचा, पुढचा नक्कल करणारा तो हाशियाही उतरवून घ्यायचा, आणि शंभर वर्षांनी मूळ ग्रंथाइतकेच त्या हाशियालाही महत्त्व आलेले असायचे.

ज्यांना कोणी प्रोग्रामर म्हणत नव्हते

टेकोची भाषा मोठ्या कामाला अपुरी होती. १९७८मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला आणि त्यासाठी लिस्प ही भाषा निवडली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये एमआयटीतच आखलेल्या या भाषेत प्रोग्राम आणि त्याची माहिती दोन्ही कंसातल्या याद्यांच्या रूपात लिहितात. ग्रीनबर्ग यांनी एडिटर लिस्पमध्ये लिहिला आणि त्यात भर घालण्याची भाषाही लिस्पच ठेवली.

यातून जे घडले ते स्टॉलमनने नंतर एका भाषणात सांगितले आहे, आणि मला या साऱ्या इतिहासातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातल्या सेक्रेटरी महिला हा एडिटर वापरू लागल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत एडिटरमध्ये स्वतःची भर कशी घालायची ते शिकवले होते, पण याला प्रोग्रामिंग म्हणतात हे कुठेही लिहिले नव्हते. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही अशी ज्यांची समजूत होती त्या महिलांनी ती पुस्तिका वाचली आणि त्या प्रोग्राम लिहू लागल्या. अडथळा बुद्धीचा नव्हताच. 'हे तुमचे काम नाही' असे कोणी सांगितले नाही, एवढाच काय तो फरक.

आजचा ईमॅक्सही याच पायावर उभा आहे. मजकूर स्मृतीत साठवणे, तो पडद्यावर रंगवणे अशी वेगाची कामे सी भाषेत लिहिली आहेत. बाकी बहुतेक सारे ईमॅक्स लिस्पमध्ये आहे. तुम्ही साधे एक अक्षर टाइप केले तरी त्या कळीला जोडलेले एक फंक्शन चालते आणि ते अक्षर मजकुरात घालते. त्या कळीने दुसरे काही करावे असे वाटले तर फंक्शन बदलायचे. एडिटर बंद करून पुन्हा सुरू करायचीही गरज नाही, चालू गाडीचे चाक बदलल्यासारखे. कोणती कळ काय करते हे एडिटरलाच विचारता येते. तो उत्तर देतो आणि सोबत आणलेला असेल तर त्या कामाचा मूळ कोडही उघडून दाखवतो.

मालकीचा वाद

कम्यूनची रीत फार काळ अबाधित राहिली नाही. १९८१मध्ये जेम्स गॉसलिंग यांनी युनिक्ससाठी सी भाषेत ईमॅक्स लिहिला. हेच गॉसलिंग पुढे जावा भाषेचे जनक म्हणून जगाला माहीत झाले. सुरुवातीला त्यांचा ईमॅक्स सहज मिळत असे. नंतर त्यांनी तो युनिप्रेस या कंपनीला विकला.

दरम्यान १९८३च्या सप्टेंबरमध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. संपूर्ण संगणक यंत्रणा अशी बनवायची की जी कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल. १९८४मध्ये त्याने ग्नू ईमॅक्सचे काम सुरू केले. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये गॉसलिंग यांच्या कोडचा काही भाग होता. त्यावरून वाद झाला आणि १९८५मध्ये स्टॉलमनने तो सगळा भाग काढून नव्याने लिहिला. त्याच वर्षी ग्नू ईमॅक्स लोकांपर्यंत पोहोचला. ज्यांना नेटवर्कवरून घेणे शक्य नव्हते त्यांना स्टॉलमन १५० डॉलरला चुंबकीय टेप पाठवत असे. पैसे टेपचे आणि मेहनतीचे होते, पुढे नक्कल करून देण्यावर बंदी नव्हती.

या वादातून स्टॉलमनने एक धडा घेतला. तोंडी विश्वासावर चाललेली वाटणी कोणीही एक जण मोडू शकतो. म्हणून त्याने ईमॅक्ससोबत लेखी परवाना जोडला. ज्याने हा प्रोग्राम घेतला त्याने पुढे देताना हेच हक्क पुढच्यालाही द्यावेत, असे त्याचे सार होते. या परवान्याचे सर्वसाधारण रूप १९८९मध्ये जीपीएल म्हणून आले आणि पुढे लिनक्ससह असंख्य प्रोग्राम त्याच्याच आधाराने वाटले गेले. आपल्या लिप्यांच्या दृष्टीने या परवान्याचा अर्थ साधा होता. जगात कुठेही बसलेल्या माणसाला, कोणाच्या दारात अर्ज न घेऊन जाता, या एडिटरमध्ये आपली भाषा घालण्याचा हक्क मिळाला.

देवनागरी आली ती जपानमार्गे

तो हक्क सर्वांत आधी जपान्यांनी बजावला. त्यांची अडचण मोठी होती. एका बाइटमध्ये २५६ चिन्हे मावतात आणि कांजी चिन्हे हजारो. त्सुकुबा इथल्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरी या सरकारी संशोधन संस्थेत केनिची हांदा यांनी १९८७मध्ये निमॅक्स, म्हणजे जपानी ईमॅक्स, तयार केला.

एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते. आपले काम झाले होते. पण हांदा, सातोरू तोमुरा, मिकिको निशिकिमी आणि नाओतो ताकाहाशी यांनी पुढचे पाऊल टाकले. फक्त जपानी कशाला, एकाच फाइलमध्ये जगातल्या अनेक लिप्या का नसाव्यात, असा प्रश्न त्यांनी घेतला. त्यातून म्यूल हा बहुभाषिक ईमॅक्स उभा राहिला. १९९७च्या ईमॅक्स २०मध्ये म्यूल मूळ ईमॅक्समध्ये सामावला गेला.

त्यात देवनागरी होती. तिच्यासाठीचे सुरुवातीचे कोड लिहिणारे होते तैची कावाबाता, हेही जपानी. भारताच्या बाजूने त्यांच्या हाताशी होते आयएस १३१९४, म्हणजे इस्की हे भारतीय मानक संस्थेचे प्रमाणक. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे त्यात ठरवले होते. पुढे युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली.

हा काळ आठवा. आपल्याकडे तेव्हा मराठी छपाई वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टवर चालत होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांचा कचरा व्हायचा. कारण त्या फाइलमध्ये 'क' नावाचे अक्षर साठवलेलेच नसे, इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे चित्र बसवलेले असे. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी टाइप करायची. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठतो, आधी 'क' मग वेलांटी, आणि ती डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम पडद्याकडे असते. त्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली हजारो पाने आजही युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि जुने दिवाळी अंक किंवा नियतकालिके हाताळणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक आहे.

ईमॅक्समध्ये देवनागरीची जी भाषा-व्यवस्था आहे तिच्या वर्णनात हिंदीसोबत मराठीचे नाव लिहिलेले आहे. टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट आहे, आणि रोमन स्पेलिंगवरून देवनागरी उमटवणारी आयट्रान्स पद्धतही आहे. मराठीची खास गरज असलेला 'ऱ' त्यात मिळतो. तो नसेल तर 'आचाऱ्यांना' बोलावले की 'आचार्यांना' बोलावले हे कळायचे नाही, म्हणजे स्वयंपाकी येणार की विद्वान हेच ठरायचे नाही.

उजवीकडून डावीकडे

देवनागरी आली तरी अरबी कुळातल्या लिप्या बराच काळ उंबऱ्यावरच राहिल्या. २००९मध्ये ईमॅक्स २३ने मजकूर साठवण्यासाठी युनिकोडचा पाया स्वीकारला. अक्षरे साठवणे त्यामुळे सोपे झाले, पण दिशेचा प्रश्न तसाच होता.

तो का अवघड होता ते समजून घेण्यासारखे आहे. मजकूर स्मृतीत वाचनाच्या क्रमाने साठतो. मराठी ओळीत मध्येच चार उर्दू शब्द आले तर साठवताना ते क्रमाने एकामागून एकच असतात, पण दाखवताना तेवढा तुकडा उलट्या दिशेने मांडावा लागतो. त्या तुकड्यात '१८५७' असे साल आले तर ते पुन्हा डावीकडून उजवीकडे. या अदलाबदलीचे नियम युनिकोडने लिहून दिलेले आहेत. ईमॅक्सची अडचण अशी की त्याचा पडदा रंगवणारा भाग, पुढचे दाखवायचे अक्षर म्हणजे साठवणीतले पुढचे अक्षर, असे गृहीत धरून लिहिलेला होता. हे गृहीतक हजारो ओळींच्या कोडमध्ये मुरलेले होते.

हे काम केले इलाय झारेत्स्की यांनी. त्यांनी एक स्वतंत्र भाग लिहिला. पडदा रंगवणारा कोड त्याला विचारतो, 'आता कोणते अक्षर दाखवू?' आणि तो दिशेचे नियम लावून उत्तर देतो. जून २०१२मध्ये आलेल्या ईमॅक्स २४मध्ये ही सोय सर्वांना मिळाली. झारेत्स्की हिब्रू भाषक. हिब्रूही उजवीकडूनच चालते, त्यामुळे तिच्यासाठी जो रस्ता बांधला त्यावरून अरबी, फारसी आणि उर्दूही आत आल्या.

अक्षरे जोडण्याचे काम उरले होते. उर्दूतले बहुतेक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप घेते, आणि नस्तालीकमध्ये तर शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. २०२०च्या ईमॅक्स २७पासून हे काम हार्फबझ या ग्रंथालयाकडे आहे. त्याचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे, आणि नाव फारसीतले आहे, हर्फ़-बाज़. हर्फ़ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे खुले. हेच हार्फबझ देवनागरीची जोडाक्षरेही जुळवते. म्हणजे माझ्या पडद्यावर 'क्ष' आणि नस्तालीकमधला शब्द, दोन्ही एकाच कारागिराच्या हातून घडतात.

दहा-बारा ओळींचा हाशिया

मी प्रोग्रामर नाही. तरी मला लिहावी लागलेली दोन छोटी फंक्शन सांगतो, कारण त्यावरून 'बदलता येणारा एडिटर' म्हणजे काय ते नेमके कळेल.

पहिले उर्दूसाठी. अरबी कीबोर्डवरचा काफ आणि उर्दूचा काफ युनिकोडमध्ये दोन वेगळी चिन्हे आहेत. 'ये'चेही तसेच. शब्दात जोडली गेली की डोळ्यांना ती बहुतेक ठिकाणी सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या उताऱ्यांमध्ये मी एखादे नाव शोधायचो तेव्हा निम्म्या जागी ते सापडायचे नाही. माझे फंक्शन उतारा फाइलमध्ये आला की अरबी काफ आणि ये बदलून उर्दूचे करते.

दुसरे देवनागरीसाठी. उर्दू शब्द देवनागरीत लिहिताना नुक्ता लागतो. 'ज़' हे एक अखंड चिन्ह म्हणूनही लिहिता येते, आणि 'ज'पुढे नुक्ता जोडूनही. दिसायला एकच, शोधताना दोन. तेही मी एकसारखे करून घेतो. याशिवाय एक सेटिंग बदलून ठेवले आहे. परिच्छेदाचे पहिले अक्षर उर्दू असले की ईमॅक्स अख्खा परिच्छेद उजवीकडून सुरू करतो. मराठी लेखाचा परिच्छेद उर्दू शब्दाने सुरू होत असला तरी तो डावीकडूनच सुरू व्हावा असे मी त्याला सांगून ठेवले आहे.

या गोष्टींसाठी मी कोणा कंपनीला पत्र लिहिले असते तर उत्तर आले नसते. दखनी उतारे मराठीत आणणाऱ्यांची संख्या कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसणारी नाही. ज्या साधनाची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती असते तिथे ही संख्या मोजावीच लागत नाही. गरज असलेला एक माणूस पुरतो.

परतफेड

ईमॅक्समध्ये नमस्कारांची एक फाइल आहे. निरनिराळ्या भाषांमधले अभिवादन तिच्यात ओळीने लिहिले आहे, म्हणजे आपल्या संगणकावर कोणत्या लिप्या नीट दिसतात ते एका नजरेत कळते. तिथे देवनागरीतले 'नमस्कार' आहे, अरबीतले 'अस्सलामु अलैकुम' आहे, हिब्रूतले 'शालोम' आहे. ही यादी कोणत्याही परिषदेत ठराव होऊन तयार झालेली नाही. एकेका ओळीमागे कोणीतरी केलेले काम आहे.

त्या कामात आपला भाग फार थोडा आहे. आपली लिपी जपानी माणसाने आत नेली, दिशेचा प्रश्न हिब्रू भाषकाने सोडवला, अक्षरे इराणी माणसाने जोडली. मराठी बोलणारे हजारो तरुण पुण्यापासून सिलिकॉन व्हॅलीपर्यंत हीच कामे पगारासाठी करत आहेत, तेव्हा कौशल्य नाही असे म्हणता येणार नाही. सवय पडली आहे ती तयार मिळेल ते वापरण्याची आणि नसेल तर तक्रार करण्याची.

सुरुवात फार मोठ्या गोष्टीने करण्याची गरज नाही. ईमॅक्ससोबत नवशिक्यांसाठी एक पाठ येतो, हजाराच्या आसपास ओळींचा साधा मजकूर. त्याची भाषांतरे सोबत मिळतात. त्यात हिब्रू आहे, थाई आहे, एस्पेरांतोही आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत मराठी नाही. हे भाषांतर करायला प्रोग्रामिंग येण्याची अट नाही, चांगले मराठी यावे लागते आणि धीर लागतो. मी पहिल्या काही पानांचा मसुदा केला आहे. 'कर्सर'ला आणि 'बफर'ला काय म्हणावे यावर अडलो आहे. ज्यांना यात रस आहे त्यांनी जरूर लिहावे, काम वाटून घेऊ.